एक आण्याचे चार आणे

कोल्हापुरात दिवाणी वकिली करायची म्हणजे निम्मं आयुष्य सातबाऱ्यात जातं आणि उरलेलं निम्मं तारखांत. आमचं ऑफिस शाहूपुरीत, पहिल्या मजल्यावर. पाटीवर तीन नावं, आत आम्ही चार ज्युनिअर, एक टायपिस्ट काका आणि न्यायसंकुलात फायली पोचवणारा एक कारकून. याला फर्म म्हणतात. लोक मात्र ‘सरांचं ऑफिस’च म्हणतात. सनद मिळाली, बारची परीक्षा झाली, कोट शिवला आणि मी इथं चिकटले. पहिली दोन-तीन वर्षं पगार नसतो, स्टायपेंड असतो. त्यात पेट्रोल भागतं आणि डबा घरून आणावा लागतो. त्याबद्दल एवढंच.

सांगायचंय ते एका वाटपाच्या दाव्याबद्दल. पहिल्या कागदापासून शेवटपर्यंत माझ्या हाताखालून गेलेला हा पहिला दावा. पक्षकारांची ओळख कळू नये म्हणून गावाचं नाव देत नाही आणि काही तपशील बदललेत. हिशेब आणि कायदा मात्र जसाच्या तसा आहे.

आक्का ऑफिसात आल्या त्या 2020 च्या दिवाळीनंतर. करवीर तालुक्यातलं माहेर, लग्न 1989 चं, वडील 2001 मध्ये वारलेले. पाठीमागं आई आणि दोन भाऊ. वडिलोपार्जित चार एकर बागायत. जावयानं कापून आणलेली पेपरातली जाहीर नोटीस त्यांच्या पिशवीत होती: अमुक गटातली मिळकत आमचे अशिल खरेदी घेत आहेत, कुणाचा हक्क, हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत कळवावे. रस्त्याकडेचा तुकडा भाऊ विकायला निघाले होते.

“मागं एका वकिलांना विचारलं होतं,” आक्का म्हणाल्या. “त्यांनी सांगितलं, सोळा आण्यांत तुमचा एक आणा. एका आण्यासाठी भावांशी वैर कोण घेणार? गप बसलो. आता म्हणं पोरींचाबी सारखा हिस्सा झालाय. खरं हाय का?”

त्या वकिलांचं काही चुकलं नव्हतं. महाराष्ट्रानं केंद्राच्या आधी, 22 जून 1994 पासून, मुलींना सहदायकीत, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीच्या जन्मानं होणाऱ्या वाटेकऱ्यांत, घेतलं होतं, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्यांना वगळून. आक्का त्यात बसत नव्हत्या. मग मुलींना सारखा हक्क देणारी 2005 ची केंद्राची दुरुस्ती आली. त्यावर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फुलवती प्रकरणात सांगितलं, की 9 सप्टेंबर 2005 रोजी बाप हयात हवा. आक्कांचे वडील चार वर्षं आधीच गेले होते. म्हणजे जुन्या रीतीनं काल्पनिक वाटणी धरायची, जणू वडील वारण्याआधी वाटप झालं होतं: वडील, आई, दोन मुलगे, प्रत्येकी चार आणे. वडिलांच्या चार आण्यांचे चार वारस, त्यात आक्कांना एक आणा. चार एकरांत दहा गुंठे. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा प्रकरणाचा निकाल आला आणि हे गणितच फिरलं. मुलीचा हक्क जन्मानं आहे, बाप 2005 मध्ये हयात असो वा नसो. आता आई, दोन भाऊ, आक्का, सगळे सारखे. एका आण्याचे चार आणे झाले, दहा गुंठ्यांचा एकर झाला. कायद्याची पुस्तकं वाचताना असा निकाल म्हणजे एक परिच्छेद असतो. समोर बसलेल्या बाईला तो एकरात सांगायचा असतो, हे मी त्या दिवशी सरांकडं बघून शिकले. त्यांनी पॅडवर चौकोन काढला, चार भाग केले आणि एकावर बोट ठेवलं.

मग कागद. ऑनलाइन सातबारा दोन मिनिटांत निघतो, पण आपल्याला लागतात ते जुने हस्तलिखित फेरफार. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज, शोध, पुन्हा अर्ज. त्या बाडातून 1998 चा एक फेरफार निघाला आणि सर गप्प झाले. वडिलांनी आणि दोन मुलांनी तलाठ्याकडं वर्दी देऊन वाटप नोंदवलं होतं. तिघांच्या नावावर तीन पोटहिस्से. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेल्या खऱ्या वाटणीला 2005 ची दुरुस्ती हात लावत नाही. भावांचा बचाव काय असणार हे दावा दाखल व्हायच्या आधीच कळलं: “वाटप आधीच झालंय, एकत्र काही उरलंच नाही.”

आमच्या ऑफिसात वादपत्राचा कच्चा मसुदा ज्युनिअरनं करायचा आणि सरांनी लाल पेनानं रंगवायचा, अशी रीत आहे. भाषा सुधारायच्या भानगडीत सर पडत नाहीत. समासात एकच शेरा मारतात: ‘हे कोण सिद्ध करणार?’ मी लिहिलं होतं, ‘सदरचे वाटप केवळ कागदोपत्री असून प्रत्यक्षात मिळकत एकत्रच वहिवाटीस होती.’ त्याच्या बाजूला तो शेरा, दोनदा अधोरेखित. माझ्याकडं उत्तर नव्हतं. वाक्य मात्र त्यांनी खोडलं नाही. वादपत्रात जे लिहिलेलं नाही त्याचा पुरावा पुढं देता येत नाही, म्हणून जागा राखून ठेवली.

कोर्ट फी भरावी लागली नाही. मिळकतीच्या वादात स्त्रियांना ती माफ आहे, राज्य सरकारच्या 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेनं. अजूनही कितीतरी बायका केवळ “स्टॅम्पाला किती लागतील” या धाकानं घरी बसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

दाव्यासोबत निशाणी 5 चा अर्ज, म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा. बाहेरगावच्यांना वाटतं खटला म्हणजे निकाल. आमच्याकडं अर्धी लढाई निशाणी 5 वर होते. मनाई मिळाली तर समोरचा बोलणी करायला येतो, नाही मिळाली तर जमीन जाते आणि दावा उरतो. आम्हाला आधी ‘जैसे थे’ मिळालं, मनाई कायम झाली ती पुढं, दोन्ही बाजू ऐकून. ‘जैसे थे’ मिळालं त्याच आठवड्यात दुय्यम निबंधकाकडं दावा चालू असल्याची, लिस पेंडन्सची, नोटीसही नोंदवून टाकली, म्हणजे कुणी मध्येच खरेदीखत केलं तरी दाव्याचा निकाल त्याला बंधनकारक राहील. खरेदीदार नोटीस बघून आपणहून बाजूला झाला.

त्यानंतरचं बरंचसं वर्ष समन्स बजावण्यात गेलं. बेलीफचा अहवाल: ‘घर बंद.’ पुढचा: ‘प्रतिवादी परगावी गेल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले.’ शेजारी सख्खा चुलत भाऊ. शेवटी दारावर डकवून बजावणी झाली. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, तीस दिवसांत, फार तर नव्वद दिवसांत द्यायची असं संहिता म्हणते. त्याच संहितेत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये असंही लिहिलंय. यावर आमच्या बार रूममध्ये कुणी हसतही नाही आता. विना कैफियत आदेश झाला, दंड भरून तो रद्द करून घेतला गेला आणि मग कैफियत आली: ‘कलम 3 मधील मजकूर खोटा असून तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. कलम 4 मधील मजकूर खोटा असून...’ तीच ती पानं. खरा मुद्दा शेवटून दुसऱ्या पानावर, 1998 चं वाटप. जुलै 2021 मध्ये पंचगंगेनं रस्ते अडवले, तारखा पुढं गेल्या, तोवर कोविडमुळं बोर्ड, म्हणजे कोर्टाची रोजच्या कामाची यादी, अर्धाच चालत होता. मुद्दे, म्हणजे कोर्टानं ठरवायचे वादाचे प्रश्न, निघायला 2022 उजाडलं.

आई प्रतिवादी नंबर 3. ती धाकट्या मुलाकडं राहायची, मुलांच्या गाडीतून कोर्टात यायची आणि व्हरांड्यात लेकीच्या बाकावर जाऊन बसायची. आक्का डबा आणायच्या, दोघी मिळून खायच्या. पुकारा झाला की म्हातारी उठून मुलांच्या बाजूला उभी राहायची. तिनं स्वतःचं म्हणणं कधीच दिलं नाही.

दाव्याला वळण मिळालं ते सरतपासाचं, म्हणजे आक्कांच्या स्वतःच्या साक्षीचं, प्रतिज्ञापत्र तयार करताना. साक्षीदाराला पढवायचं नसतं. पण त्याला काय माहीत आहे ते काढून घ्यावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. ‘तुमच्या वडिलांच्या हयातीत जमीन कोण कसत होतं?’ असं विचारलं की पक्षकार “सगळे मिळून” एवढंच म्हणतो. त्या दिवशी मी फाईल मिटून चहा मागवला होता आणि आक्का माहेरच्या दिवाळीबद्दल बोलत होत्या. “बाबा असेपर्यंत पाडव्याला साडी चुकली न्हाई. ऊसबिल बाबांच्याच नावानं यायचं ना, सोसायटीचं कर्ज कापून जे उरंल त्यात पहिली माझी साडी. भाऊ नंतर.”

मी चहा तसाच ठेवला. तीन पोटहिस्से 1998 मध्ये झाले असतील, तर 2001 पर्यंत सगळ्या उसाचं बिल एकट्या वडिलांच्या नावानं कसं?

ज्यांना आमच्याकडची शेती माहीत नाही त्यांच्यासाठी: पीककर्ज गावच्या विकास सोसायटीतून मिळतं, ते क्षेत्रानुसार खातेदाराच्या नावावर बसतं आणि वसूल होतं थेट ऊसबिलातून. म्हणजे सोसायटीची खतावणी बघितली की कुणाच्या नावावर किती क्षेत्राचं पीक उभं होतं ते कळतं. कारखान्याकडं इतकं जुनं दप्तर मिळालं नाही. सोसायटीत मिळालं. गटसचिवांनी कपाटावरून खाली काढलेल्या त्या खतावणीत वडिलांच्या एकाच खात्यावर पूर्ण चार एकरांचं कर्ज होतं, 1998, 1999, 2000, आणि शेवटची वसुली 2001 ची. मुलांची खाती वडील गेल्यावरच उघडलेली. लाल पेनाच्या शेऱ्याला उत्तर सापडलं.

फक्त तोवर मुद्दे निघून गेले होते. उतारे दाखल करायला परवानगी मागितली, समोरून कडाडून हरकत आली, अर्ज नामंजूर झाला. आदेशाला कारण होतं: हे कागद दाव्यासोबतच यायला हवे होते. आता घटनेच्या अनुच्छेद 227 खाली हायकोर्टात रिट, आणि ती 2023 मध्ये म्हणजे मुंबईला.

मुंबईला जाणं म्हणजे काय, हे इथल्या कुठल्याही वकिलाला विचारा. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी सीएसएमटी, वेटिंग रूममध्ये बँड बांधायचा आणि चालत हायकोर्ट. तिकडच्या वकिलांना फाईल समजावून सांगायची. त्याआधी इथं बसून मराठी कागदांचा इंग्रजी तर्जुमा, सिनॉप्सिस, पेजिनेशन. बोर्डावर नंबर दीडशेच्या पुढं असेल तर पाचपर्यंत बाकावर बसून ‘नॉट रीच्ड’ ऐकायचं आणि रात्रीच्या गाडीनं परत. सोबत पक्षकार असेल तर त्याचं जाणं-येणं, राहणं. आक्का एकदाच आल्या. त्यांना कोर्टापेक्षा तिथल्या वकिलांची फी ऐकून घाम फुटला. रिट मंजूर झाली. दोन परिच्छेदांचा आदेश: कागद महत्त्वाचे आहेत, विलंबाबद्दल वादीनं खर्च द्यावा, उलटतपासाची संधी समोरच्यांना आहेच.

मग साक्ष. उलटतपासाचे प्रश्नोत्तर जसेच्या तसे लिहिले जात नाहीत. न्यायाधीश उत्तराचं वाक्य करून सांगतात आणि ते टाइप होतं: ‘हे खरे आहे की...’ किंवा ‘असे म्हणणे खरे नाही की...’ त्या एका वाक्यात काय राहतं आणि काय गळतं, यावर दावे फिरतात. म्हणून ज्युनिअरचं काम पडद्यावर नजर ठेवणं.

समोरच्या वकिलांनी आक्कांना विचारलं, “लग्नात वडिलांनी तुम्हाला सोनं घातलं होतं?”

“घातलं की. थोरल्या भावाच्या लग्नात त्याच्या बायकूलाबी घातलं. मग त्याचा हिस्सा गेला का?”

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. पडद्यावर उमटलं: ‘हे खरे आहे की, माझ्या लग्नात वडिलांनी मला दागिने घातले होते.’ पूर्णविराम. मी सरांचा कोट ओढला. सर उठले आणि नम्रपणे म्हणाले की साक्षीदारानं पुढंही काही सांगितलंय. थोडी बोलाचाली झाली. शेवटी ओळ वाढली: ‘साक्षीदार स्वतःहून सांगतात की, थोरल्या भावाच्या लग्नातही त्याच्या पत्नीस दागिने घातले होते.’ निकालात न्यायाधीशांनी ही ओळ जशीच्या तशी उतरवली आहे.

थोरल्या भावाचा उलटतपास सरांनी अगदी छोटा घेतला. मला वाटलं होतं तासभर चालेल. वाटपानंतर ऊस ज्याच्या त्याच्या नावावर जात होता का? होय. कर्जही ज्यानं त्यानं वेगळं काढलं? होय. मग खतावणीचा उतारा हातात दिला. हे वडिलांचं खातं? होय. क्षेत्र किती? बराच वेळ कागद बघून, “चार एकर.” “दुसरा प्रश्न नाही,” म्हणून सर बसले. बाहेर आल्यावर मी विचारलं, अजून दोन गोष्टी विचारता आल्या असत्या. सर म्हणाले, “अजून एक विचारला असता तर त्यानं कारण सांगितलं असतं.” पुढं गटसचिवांची साक्ष झाली, खतावणी शाबित झाली. 2024 मध्ये प्राथमिक हुकूमनामा झाला: 1998 ची नोंद ही खरी वाटणी नव्हे, वादीचा हिस्सा एक चतुर्थांश. फेरफारानं मालकी ठरत नाही, हे कोर्ट वर्षानुवर्षं सांगत आलंय. तरी गावात तलाठ्याचा शिक्का म्हणजे ब्रह्मलिखित.

भावांनी तीस दिवसांच्या आत जिल्हा न्यायालयात अपील केलं, अंमलबजावणीला स्थगिती मिळवली, मिळकत विकायची नाही या अटीवर.

याच काळात आमच्या धंद्याचं चित्र बदललं. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी चार दशकं ज्यासाठी मोर्चे काढले, काम बंद ठेवलं, ते मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच 17 ऑगस्ट 2025 ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते सुरू झालं आणि 18 तारखेला बोर्ड लागला. इथं कोल्हापुरात, सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सगळ्यांचं हायकोर्ट आता इथं. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात सगळ्यात मोठी धावपळ गाऊनची. खालच्या कोर्टात गाऊन सक्तीचा नाही, हायकोर्टात आहे. वीस-पंचवीस वर्षं वकिली केलेले लोक शिंप्याकडं खांद्याचं माप देत होते. आनंद सगळ्यांनाच झाला, पण एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही. आतापर्यंत हायकोर्टातली बाजू मुंबईचे वकील मांडायचे आणि हरलो तर “मुंबईत नीट मांडलं नाही” म्हणायची सोय होती. आता उभं आपल्यालाच राहायचंय, इंग्रजीत, आणि समोरचे न्यायमूर्ती पहिल्या दोन मिनिटांत विचारतात की यात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न कुठला. आमच्यासारख्या नव्यांना हे बरं आहे. मी तिथं उभी राहते. आक्कांच्या रिटसाठी मी फाईल धरून मागं बसले होते.

बेंच इथं आल्याचा परिणाम आक्कांच्या अपिलावरही झाला, वेगळ्या वाटेनं. पूर्वी “हायकोर्टापर्यंत जाऊ” म्हणजे समोरच्याला दमवू, असा अर्थ होता. आक्का मुंबईला किती हेलपाटे घालणार? आता त्यांना केएमटीच्या बसनं जाता येतं. धाकट्या भावानं आपल्या वकिलांमार्फत विचारणा केली: तडजोड होते का?

बोलणी आमच्या ऑफिसात झाली. एक चतुर्थांश द्यायला दोघेही तयार. भांडण सुरू झालं ते कुठला एकर यावर. रस्त्याकडचा भावाचा, विहिरीकडचा आक्कांना नको, कारण तिकडं जायला भावाच्या बांधावरून जावं लागतं. मग पाण्याची पाळी, मग मोटारीचं वीजबिल. दोन तास हे चाललं आणि माझ्या लक्षात आलं की आईच्या एकराबद्दल कुणीच बोलत नाहीये. तिचेही चार आणे आहेत. प्रत्येक जण ते मनात धरून आपला चौकोन आखत होता. सरांनाही ते दिसलं असावं, कारण त्यांनी पहिल्यांदाच म्हातारीकडं वळून विचारलं, “आजी, तुम्हाला कुठला पाहिजे?”

“मला विहीर,” ती लगेच म्हणाली. “आणि कुणी मागायचं न्हाई माझ्याकडं.”

थोरला उठून बाहेर गेला, पण गाडी काढली नाही. अर्ध्या तासानं आत येऊन म्हणाला, आधी मोजून घेऊया. तडजोड झाली तर लोकअदालतीत ठेवायची, म्हणजे त्यावर पुन्हा अपील नाही. नाही झाली तर युक्तिवादाची तयारी आहेच. भूमी अभिलेखात मोजणीची फी दोन्ही बाजूंनी निम्मी-निम्मी भरली आहे. शेतात सध्या डोक्याएवढा ऊस आहे, हद्दी दिसत नाहीत. तोडणी होऊन शेत मोकळं झाल्यावर मोजणीची तारीख मिळावी, असा अर्ज तिकडं दिलाय. आणि तोवर अपील पुढं ठेवावं अशी पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, मी काल दाखल केली, खाली दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत आणि म्हातारीचा अंगठा.